जवळच तर जायचे आहे!

(न्यासाच्या वार्षिक मेळाव्यात अपघात विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आमच्या विभागाकडून वर्षभरातील कामाचा गोषवारा सादर केला जातो. किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जणांना पुढील उपचारांसाठी नांदेडला पाठवावे लागले, हे सर्व अहवालात यथास्थान दिलेलेच आहे. आज मात्र रुग्ण या दारात येण्यापूर्वी जे घडते, त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती आम्ही अध्यक्ष महोदयांकडे मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली. विषय ऐकून कदाचित आपणांस नवल वाटेल. रुग्णालयाच्या व्यासपीठावरून आम्ही आज मोटारसायकलविषयी बोलणार आहोत. ती चालवताना अंगावर काय असावे, मागे बसणाऱ्याने काय सांभाळावे आणि तिची निगा कशी राखावी, एवढाच हा साधा विषय आहे. परंतु आमच्या विभागातील कित्येक खाटा याच साध्या विषयाने व्यापलेल्या असतात, म्हणून तो येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपले धर्माबाद सीमेवरचे गाव. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा येथे एकाच ओसरीवर बोलल्या जातात. गोदावरीकाठचे बासर येथून हाकेच्या अंतरावर आहे. वसंत पंचमीला ज्ञान सरस्वतीच्या चरणी मुलांचा अक्षराभ्यास करण्यासाठी दोन्ही राज्यांतील कुटुंबे तेथे जातात. त्या दिवशी सकाळी आपण रस्त्याच्या कडेला उभे राहिलात, तर एक दृश्य वारंवार दिसेल. वडील मोटारसायकल चालवीत आहेत, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली आहे, तिच्या मांडीवर तान्हे मूल आहे, आणि ज्याचा अक्षराभ्यास करावयाचा तो चार वर्षांचा बाळ नवे कपडे घालून पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसला आहे. नवी पाटी, पूजेचे साहित्य, नारळ, सारे काही आठवणीने घेतलेले आहे. डोक्यावर मात्र कोणाच्याही काही नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "जवळच तर जायचे आहे!"

हे उत्तर आम्ही अपघात विभागात इतक्या वेळा ऐकले आहे की आजच्या भाषणाला दुसरे शीर्षक आम्हांस सुचले नाही.

लांबचा प्रवास आणि जवळचा प्रवास

आपल्याकडील तरुण मंडळी मोटारसायकलवरून माहूरला जातात, श्रीशैलमला जातात, काही उत्साही मित्र तर तिरुपतीपर्यंत मजल मारतात. अशा प्रवासाला निघण्यापूर्वी ते काय करतात, हे आम्ही कौतुकाने पाहिले आहे. आठ दिवस आधी गाडी मिस्त्रीकडे जाते. ऑइल बदलले जाते, चेन ताणून घेतली जाते, ब्रेक पाहिले जातात, टायर गोटा झाला असेल तर नवा बसवला जातो. हेल्मेट घेतले जाते, पायांत बूट येतात, पाठीवरची पिशवी नीट बांधली जाते. रात्री गाडी चालवायची नाही आणि ठरावीक अंतरावर थांबून चहा घ्यायचा, असेही आपसांत ठरते. ही तयारी उत्तम आहे. तिच्यात आम्हांस सुधारणा सुचवावयाची नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की आमच्याकडे येणारे बहुसंख्य जखमी अशा प्रवासातले नसतात. ते शेतातून घरी येत असतात, बाजारातून मिरचीचे पैसे घेऊन परतत असतात, मुलीला शाळेत सोडायला निघालेले असतात, किंवा शेजारच्या गावी लग्नाला गेलेले असतात. पंधरावीस मिनिटांची वाट. ज्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा आपणांस पाठ आहे असे वाटते, त्याच वाटेवर आपण गाफील असतो.

आणि ही वाट खरोखर सोपी आहे काय? पावसाळ्यात शेतांतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो आणि त्यावर चाक साबणासारखे घसरते. सुगीच्या दिवसांत अर्धा रस्ता सोयाबीनने व्यापलेला असतो आणि रास वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने दगड मांडलेले असतात. अंधार पडल्यावर मागे दिवा नसलेली, साधी लाल चकतीही नसलेली ट्रॉली समोर उभी असते, आणि ती दिसते तेव्हा ब्रेक दाबायला अवधी उरलेला नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका डोळ्यांना दिसून हात ब्रेकपर्यंत पोहोचण्यास साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच आपण एखाद्या लांबलचक वाड्याइतके अंतर कापलेले असते.

वेगाविषयी आणखी एक हिशेब आम्ही नेहमी रुग्णांच्या नातलगांना सांगतो, कारण तो मनात राहतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने डोके एखाद्या पक्क्या वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, अर्थात दुमजली घराच्या गच्चीवरून डोक्यावर पडणे होय. ताशी ६० किलोमीटरला ही उंची सुमारे १४ मीटर, म्हणजे चार मजल्यांहून अधिक होते. वेग दीडपट झाला, पण उंची दुपटीहून जास्त झाली. गच्चीच्या कठड्यावर कोणी आपल्या मुलाला बसवीत नाही. टाकीवर मात्र आपण सहज बसवतो.

देशाचे चित्रही याहून वेगळे नाही. केंद्र शासनाच्या प्रसिद्ध आकडेवारीनुसार सन २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

एका शल्यचिकित्सकाची गोष्ट

हेल्मेटची कल्पना पोलिसांची किंवा कारखानदारांची आहे, असा पुष्कळांचा समज असतो. आजच्या स्वरूपातील आग्रहामागे मात्र एका रुग्णालयातील खाट आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हे विख्यात सेनाधिकारी व लेखक मोटारसायकलवरून आपल्या घराकडे परतत होते. वाट रोजचीच होती. समोर सायकलवरील दोन मुले आली, त्यांना वाचविण्याच्या प्रयत्नात ते फेकले गेले आणि डोक्यावर आपटले. सहा दिवसांनी, १९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. रुग्ण वाचला नाही, परंतु केर्न्स यांनी तो विषय सोडला नाही. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी कित्येक वर्षे अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. सामान्य नागरिकांसाठी तेथे तसा कायदा व्हायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले, आणि केर्न्स स्वतः १९५२ मध्येच निवर्तले होते.

ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते, ती एका कारणासाठी. हेल्मेटला विरोध होणे ही काही आपल्याकडचीच रीत नव्हे. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा सुशिक्षित नागरिकांनी पगड्या घालून निषेध केला होता. लोकांना पटायला वेळ लागतो. तोपर्यंत ज्यांना ते पटले आहे, त्यांनी सांगत राहावे लागते. पुढे जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा हेल्मेटमुळे स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. इतका लाभ देणारे आणि इतके स्वस्त असे एकही औषध आमच्या कपाटात नाही.

हेल्मेट कसे असावे

हेल्मेटच्या बाहेरील कवचापेक्षा आतला थर्माकोलसारखा थर अधिक महत्त्वाचा असतो. आघात झाला की तो थर चेपतो, आणि जो धक्का कवटीला व मेंदूला बसायचा तो स्वतःत जिरवतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटने एकदा मार खाल्ला आहे, ते वरून कितीही चकचकीत दिसत असले तरी त्याचे काम संपले, असे समजून ते बाजूस ठेवावे. केवळ प्लॅस्टिकची टोपी असलेले, आत बोटभरही थर नसलेले स्वस्त हेल्मेट दंडापासून कदाचित वाचवील, रस्त्यापासून वाचवणार नाही. विकत घेताना आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेली हेल्मेट बनविणे व विकणे हाच अपराध ठरला आहे.

माप डोक्याला घट्ट पण न दुखणारे असावे. डोके हलविल्यावर हेल्मेट वेगळे हलू नये. हनुवटीखालील पट्टा असा बांधावा की त्यात जेमतेम दोन बोटे जावीत. पट्टा न बांधलेले हेल्मेट धडक बसताच डोक्याआधी उडून जाते. आमच्याकडे "हेल्मेट होते हो डॉक्टर" असे सांगत आलेल्या कित्येकांचा पट्टा सुटा होता.

उन्हाची तक्रार खरी आहे. आपल्या भागातला मे महिना कोणास सांगावयास नको. हवेसाठी झरोके असलेले हेल्मेट घ्यावे, आत पातळ सुती रुमाल बांधावा, आणि अस्तर आठवड्यातून एकदा धुऊन वाळवावे. वडीलधाऱ्या मंडळींना डोक्यावरील टोपी किंवा फेटा काढणे जड वाटते, हेही आम्ही जाणतो. त्यांना आमची नम्र विनंती आहे की टोपी खिशात ठेवावी आणि गावाच्या वेशीवर उतरल्यावर सन्मानाने पुन्हा घालावी. दस्तार धारण करणाऱ्या शीख बांधवांना कायद्याने सवलत दिलेली आहे. इतर सर्वांना, चालकाला आणि मागे बसणाऱ्यालाही, चार वर्षांवरील प्रत्येकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट आवश्यक आहे.

मागे आणि पुढे बसणारे

मागे बसलेल्या माता-भगिनींच्या दुखापती आम्हांस विशेष अस्वस्थ करतात, कारण त्यांच्या हाती गाडी नसते. साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात अडकते आणि क्षणात त्या खाली खेचल्या जातात. मागील चाकावर साडी गार्ड, धरण्यास कडी आणि पाय ठेवण्यास फूटरेस्ट असणे नियमानेच बंधनकारक आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून तरुण मुले साडी गार्ड काढून टाकतात, ते त्यांनी आपल्या आईला आठवून पुन्हा बसवावे. पदर व ओढणी कमरेला खोचून बसावे, आणि शक्य असेल तेथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे.

लहान मुलांच्या टाचेची जखम ही आमच्या विभागातील नेहमीची जखम आहे. मूल मागे बसते, पाय फूटरेस्टपर्यंत पोहोचत नाहीत, झोप लागते आणि टाच चाकाच्या आऱ्यांत जाते. वरून लहान दिसणारी ही जखम भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. दुसरी नेहमीची इजा म्हणजे पोटरीला बसणारा सायलेन्सरचा चटका. त्यावर टूथपेस्ट, तेल किंवा हळद न लावता वीस मिनिटे वाहते स्वच्छ पाणी सोडावे आणि मग दवाखान्यात यावे.

नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून स्वतंत्र नियम लागू झाले आहेत. बालकाला चालकाशी जोडणारा बांधपट्टा असावा, डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. बासरच्या वाटेवरील त्या बाळासाठीच जणू हा नियम लिहिला गेला आहे. टाकीवरील मुलाचे डोके धडकेच्या वेळी सर्वांत पुढे असते आणि मागून वडिलांच्या शरीराचा भार त्यावर येतो, हे सांगताना आम्हांस कष्ट होतात, पण सांगणे भाग आहे.

गाडीची निगा

गाडीची निगा राखणे म्हणजे पैसे वाचविणे, असे आपण मानतो. आमच्या दृष्टीने तो प्रथमोपचाराच्याही आधीचा उपचार आहे. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे काढली तरी पुरेसे होते.

प्रथम टायर पाहावेत. हवा गाडी थंड असताना तपासावी आणि कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार भरावी. मागे माणूस किंवा ओझे असेल तर त्याचे माप वेगळे दिलेले असते. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखविणाऱ्या लहान उंचवट्यांच्या खुणा असतात. टायर घासून त्या खुणांशी समतल झाला की तो बदलावा. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर निभावून नेतो आणि पहिल्या पावसात दगा देतो.

नंतर ब्रेक. मागचा ब्रेक पायाखाली असल्यामुळे पुष्कळ जण तेवढाच वापरतात आणि पुढच्याला भितात. वस्तुतः थांबताना गाडीचा भार पुढे येतो, आणि थांबविण्याचे अधिक काम पुढचा ब्रेकच करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, गाडी सरळ असताना दाबण्याची सवय मोकळ्या जागेवर करून घ्यावी. चिखलात, वाळूवर किंवा वळणावर एकटा पुढचा ब्रेक जोराने दाबू नये. ब्रेक लायनर घासल्याचा खर्र असा आवाज आला, की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो की नाही, हे भिंतीवरील उजेडावरून एकट्यालाही तपासता येते.

चेन फार ढिली असेल तर ती उतरून चाक अडकू शकते. फार ताणलेली असेल तर तुटू शकते. किती ढील असावी हे पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती मागच्या चाकाच्या नटासह मिस्त्रीकडून महिन्यातून एकदा पाहून घ्यावी. येथे एक कळकळीची सूचना आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, फिरत्या चेनवर चिंधी धरून ती पुसण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. चिंधी चक्रात ओढली जाते आणि तिच्याबरोबर बोट जाते. अशी तुटलेली बोटे आम्ही पाहिली आहेत, आणि ती तरुण, कामकरी हातांची होती. इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, चाक पूर्ण थांबलेले असताना चेनचा पुढ्यातील भाग ब्रशने पुसावा, मग चाक थोडे पुढे सरकवून हात बाजूला घ्यावा आणि पुन्हा पुसावे. दुर्दैवाने बोट तुटलेच, तर तो तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णासोबत आणावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

दिवे, आरसे आणि साइड स्टँड यांकडे निघतानाच एक नजर टाकावी. न उचललेल्या साइड स्टँडमुळे डाव्या वळणावर गाडी उलटते. हेडलाइट इतका वर नसावा की समोरच्याचे डोळे दिपावेत. काचेवरील धूळ पुसली तरी रात्री फरक पडतो. पायांत चपलेऐवजी टाच झाकणारे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि रात्रीसाठी पाठीवर किंवा हेल्मेटवर चमकणारी पट्टी, एवढे साधन प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहेत, त्यांनी ट्रॉलीच्या मागे तशीच लाल पट्टी लावली तर ती कोणाच्या तरी मुलाचा जीव वाचवील.

अपघात झाल्यावर

इतकी काळजी घेऊनही अपघात होतात. अशा वेळी १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. जखमी बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये. मान हलू न देता, उलटी होत असेल तर संपूर्ण शरीर एकत्र कुशीवर वळवावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढण्याची घाई करू नये.

मदत करणाऱ्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता मनातून काढून टाकावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कलम १३४-अ म्हणून कायद्यातच आले. तसेच मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अपघातग्रस्तांसाठी नोंदणीकृत रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. पैशांअभावी पहिला तास वाया जाऊ नये, हा तिचा उद्देश आहे.

आता एक प्रसंग. एक तरुण आपल्या गाडीवरून घसरला. कपाळाला खरचटले, क्षणभर भोवळ आली, मग तो उठून बसला, स्वतः गाडी चालवीत घरी गेला. आईने चहा दिला, त्याने घेतला. डोके दुखते म्हणून लवकर झोपला. पहाटे घरच्यांनी हाक मारली तेव्हा तो उठला नाही. आमच्याकडे आणले तेव्हा एक बाहुली मोठी झालेली होती. आम्ही त्याला तत्काळ नांदेडला रवाना केले, परंतु फार उशीर झाला होता. कवटीच्या आत हळूहळू साठणारे रक्त असेच फसवते. सुरुवातीस माणूस बोलतो, चालतो, आणि म्हणून आपण निश्चिंत होतो. डोक्याला मार लागून क्षणभरही शुद्ध गेली असेल, वारंवार उलटी होत असेल, गुंगी वाढत असेल, डोकेदुखी वाढत असेल, झटका आला असेल, तर रात्र काढू नये. रुग्णाला घेऊन निघावे.

काही दिवसांनी त्या तरुणाचे वडील आमच्याकडे आले. हातात हेल्मेट होते. मुलाने हौसेने घेतलेले, चांगल्या प्रतीचे. त्या दिवशी ते गाडीच्या आरशाला अडकवलेले होते, कारण जवळच जायचे होते. वडील म्हणाले, "बघा साहेब, याला एक ओरखडा नाही." ते हेल्मेट त्यांनी आमच्याकडेच ठेवले. आजही ते आमच्या विभागातील कपाटावर आहे.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही रुग्णालयाच्या आवारातील गाड्यांच्या रांगेतून चालत गेलो. त्या गाड्या आमच्या कर्मचाऱ्यांच्या होत्या, आमच्या स्वतःच्याही होत्या. बहुतेक गाड्यांवर हेल्मेट नव्हते. ज्यांना रोज हे पाहावे लागते, तेच आम्ही "जवळच तर जायचे आहे" असे म्हणत होतो. ही कबुली आपणांसमोर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तेव्हापासून आमच्या विभागाने स्वतःपुरता नियम केला आहे की हेल्मेटविना कोणी कामावर यायचे नाही. प्रारंभी कुरकूर झाली. आता होत नाही.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपण आप्तांच्या स्मरणार्थ या रुग्णालयाला खाटा दिल्या, पंखे दिले, औषधे दिली. त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत, आणि ती गरज यापुढेही राहणार आहे. आज आमची आणखी एक छोटी मागणी आहे. लहान मापाची आयएसआय चिन्हांकित हेल्मेट आणि बालकांचे बांधपट्टे यांचा एक संच रुग्णालयाच्या दाराशी ठेवावा, असा आमचा मानस आहे. ज्या कुटुंबाला ती विकत घेणे परवडत नाही, त्याने ती नाव नोंदवून न्यावीत, बासरला जाऊन यावे आणि परत करावीत. हेल्मेटला मार बसला असेल तर ते पुन्हा कोणास दिले जाणार नाही. ज्यांच्या घरातील मुले मोठी झाली आहेत, त्यांनी चांगल्या स्थितीतील बांधपट्टे दिले तरी चालतील. या देणगीवर नावाची पाटी लावता येणार नाही, कारण ती भिंतीवर नसून रस्त्यावर असेल. पुढील वसंत पंचमीला त्या रस्त्यावर टाकीवर बसलेले एकही उघडे डोके दिसू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

आणि आज हा कार्यक्रम संपल्यावर आपणही घरी निघाल. बहुतेकांचे घर जवळच आहे. निघण्यापूर्वी हनुवटीखालचा पट्टा अवश्य बांधावा, ही हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.